अनुशेषात न धरलेली राख

मराठवाड्याच्या मागासलेपणाचा हिशेब सरकारी कागदावर नीट मांडला गेला तो १९८४ साली. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजले आणि राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपये काढला. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या राजकारणात मुक्कामाला आहे. संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, कोणतीही विकास परिषद त्याच्यावाचून पार पडत नाही. किती गावांत वीज पोहोचली, किती पंपांना जोडणी मिळाली, हे समितीने मोजले. पण तोवर बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी तेरा वर्षे पेटलेली होती, आणि तिच्यातून निघालेली राख, तिने प्यायलेले गोदावरीचे पाणी, तिच्याभोवतीच्या शिवारातली जमीन यांना नऊपैकी एकाही रकान्यात जागा नव्हती. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत अनुशेषाचे अनेक अहवाल आले. तो रकाना अजूनही उघडलेला नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

परळीत वीजकेंद्र का आले हे समजून घ्यायला निजामाच्या राजवटीपर्यंत मागे जावे लागते. परळी हे बारा ज्योतिर्लिंगांच्या परंपरेतले गाव, पण वीजकेंद्राच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते त्याचे रेल्वे स्थानक. एक फाटा विकाराबादमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा परभणीकडे. तेलंगणातल्या सिंगरेणी खाणी १९४५ मध्ये निजाम सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये संपले, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा द्विभाषिक मुंबईत आणि मग १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी रूळ जिथल्या तिथे राहिले. त्याच रुळांवरून सिंगरेणीचा कोळसा परळीत उतरवणे सोयीचे होते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना जून १९६० मधली. त्याने १९७१ मध्ये परळीला ३० मेगावॉटचा पहिला संच सुरू केला, पाठोपाठ तेवढाच दुसरा.

तो काळ आठवला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, महाराष्ट्राने शतकातला सर्वांत क्रूर म्हणावा असा दुष्काळ पाहिला. बीड जिल्ह्यातली माणसे खडी फोडायला गेली, त्यांतली कित्येक पुढे उसाच्या फडात गेली ती कायमची. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटले, विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते पुन्हा उभे राहिले. मागणी होती ती रुंद रेल्वेमार्गाची, सिंचनाची, नोकऱ्यांची, कारखान्यांची. अशा प्रदेशात चिमणीतून निघणारा धूर पाहून कुणाला धास्ती वाटणार होती? धूर म्हणजे कारखाना आणि कारखाना म्हणजे पगार. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही, तिने जे मागितले ते न्याय्यच होते. १९८० मध्ये २१० मेगावॉटचा तिसरा संच आला, १९८५ आणि १९८७ मध्ये तसेच आणखी दोन. २००७, २०१० आणि २०१६ मध्ये प्रत्येकी २५० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले, जुने एकेक करून बंद झाले. गावाच्या बोलण्यात या सगळ्याला एकच नाव आहे, ‘थर्मल’.

आता त्या रकान्याकडे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के असते, आयात कोळशात ते दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. परळीचे तीन नवे संच पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे १ कोटी ८० लाख युनिट वीज होते. एका युनिटला सुमारे साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला बारा हजार टनांच्या आसपास कोळसा आणि चार ते पाच हजार टन राख. वीस-पंचवीस टनांच्या हायवाने ती वाहायची तर रोज दोनशे खेपा. वीज तारेत शिरली की ती राज्याची होते. ती वाळूजच्या कारखान्यात जाते, पुण्यात जाते, मुंबईतही जाऊ शकते आणि परळीपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत भारनियमनही असू शकते. राख मात्र जिथे पडते तिथलीच होते.

ही राख दोन तऱ्हेची. भट्टीच्या तळाशी पडते ती जाड, सुमारे पाचवा हिस्सा. उरलेली पिठासारखी बारीक, धुराबरोबर वर जाणारी. तिला विजेच्या पट्ट्यांवर ओढून पकडतात, काही कोरडी साठवतात आणि बाकीची पाण्यात कालवून नळांतून राखेच्या तळ्यात सोडतात. परळीचे तळे दादाहरी वडगावच्या शिवारात आहे. या तळ्याचा सगळा भरवसा पाण्यावर. वर पाण्याचा थर असला की राख बसून राहते, तो आटला की कोरड्या राखेला वारा उचलतो. उन्हाळ्यात ती कापसाच्या बोंडावर, ज्वारीच्या कडब्यावर, विहिरीच्या पाण्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि ताटातल्या भाकरीवर बसते. तिच्यात सिलिका असते, आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचे अंश असतात. सर्वांत बारीक कण, अडीच मायक्रॉनच्या आतले, नाकातल्या केसांना जुमानत नाहीत, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात.

राख सर्वांवर सारखीच पडते असे म्हणणारे भेटतात. वाऱ्याला जात नसते, हे खरे. पण घराला, कामाला आणि कागदाला असते. शिवारात ज्याच्या नावावर सातबारा आहे तो पिकाच्या नुकसानीचा अर्ज करू शकतो, तलाठी पंचनामा करू शकतो. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याचे काय? बीड जिल्ह्यात गायरानाचा प्रश्न जुना आहे. दलित, भूमिहीन कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली गायराने त्यांच्या नावावर करावीत म्हणून दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये राज्यभर सत्याग्रह केले, आणि याच जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात जन्मलेल्या एकनाथ आवाड यांनी १९९० पासून मानवी हक्क अभियानाद्वारे तो लढा गावोगाव नेला. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीचे ताबे नियमित करायचे ठरवले, तरी असंख्य ताबे कागदाविना राहिले. अशा तुकड्यावरच्या तुरीवर राख बसली तर पंचनाम्यात कुणाचे नाव लिहायचे? जमीन गेली तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, त्या दाखल्यावर महानिर्मितीत, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या सरकारी वीज कंपनीत, प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेशाची वाट असते. ज्याची जमीनच नव्हती त्याचे सरकारी भाषेत काहीच गेलेले नाही. त्याने फक्त श्वास घेतला.

ऊसतोड मजुराचा वर्षक्रम पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन तो पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये परततो. म्हणजे राखेचे तळे सर्वांत कोरडे आणि वारा सर्वांत तापलेला असतो, नेमके तेच महिने तो गावी असतो. जे उसाला जात नाहीत त्यांतले बरेच वीटभट्टीवर जातात. परळी आणि सिरसाळ्याच्या परिसरात भट्ट्यांचे पेवच फुटले, कारण विटेचा एक मुख्य घटक तिथे दाराशी पडलेला होता. भट्टीवरचे कुटुंब भट्टीशेजारीच पाल ठोकून राहते. लेकरे राखेच्या ढिगाशेजारी खेळतात. दिवसा मातीत राख कालवायची आणि रात्री भट्टीच्या धुरात झोपायचे. थर्मलमध्ये राख हाताळणारे, कोळशाच्या पट्ट्यांखाली सांडलेली भुकटी लोटणारे कामगार बहुतेक कंत्राटी. ठेकेदार बदलला की त्यांच्या कामाच्या वर्षांची नोंदही बदलते. पुढे खोकला जडला तर तो कोणत्या ठेकेदाराच्या काळातला, हे कोण ठरवणार?

पाण्याची गोष्ट संभाजीनगरच्या वाचकाला जवळची आहे, कारण ती पैठणला सुरू होते. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. नाथसागरातून संभाजीनगर पाणी पिते. त्याच नाथसागराचा उजवा कालवा माजलगाव धरणाला मिळतो, आणि गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून परळीच्या थर्मलला पाणी जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या वीजकेंद्रांसाठी पाण्याची कमाल मर्यादा एका मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर ठरवली. ७५० मेगावॉटला या हिशेबाने दिवसाला सव्वासहा कोटी लिटरच्या आसपास पाणी लागते. माणशी ५५ लिटर धरले तर ते अकरा लाख लोकांचे पाणी. थर्मल बंद करा, असे यावरून म्हणायचे नाही. पण दुष्काळी जिल्ह्याच्या हिशेबवहीत एवढा मोठा आकडा खर्चाच्या बाजूला दिसायलाच हवा.

तो दिसला तो फक्त पाणी संपले तेव्हा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीतली वीजनिर्मिती थांबली. तेव्हा केंद्राची क्षमता १,१३० मेगावॉट होती. जुलै २०१५ मध्ये ती पुन्हा थांबली. राज्यभर बातमी आली ती मेगावॉटची, किती तूट, ती कुठून भरून काढणार, याची. पण संच थांबला की कंत्राटी कामगाराचा हजेरीपट थांबतो. आणि राख कालवून सोडणारे पाणी थांबले की तळे वाळते आणि धूळ उठू लागते. दुष्काळात गावाला थर्मलचा पगार मिळत नाही, राख मात्र नेहमीपेक्षा जास्त मिळते. ज्या घरात पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते त्याच घरात कपडे दुसऱ्यांदा धुवायला पाणी कुठून आणायचे?

राखेचा धंदा कसा झाला, याच्या मुळाशी एक चांगल्या हेतूने केलेला कायदा आहे. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीजकेंद्राभोवती पन्नास किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांना मातीत किमान पंचवीस टक्के राख मिसळणे सक्तीचे केले आणि वीजकेंद्रांनी ती राख किमान दहा वर्षे फुकट द्यावी असे सांगितले. सुपीक माती वाचावी, राखही संपावी, असा विचार होता. २००३ मध्ये अंतर शंभर किलोमीटर झाले. २००९ मध्ये कोरडी राख विकण्याची मुभा मिळाली, २०१६ मध्ये अंतर तीनशे किलोमीटर झाले आणि महाराष्ट्राने आपले राखेचे स्वतंत्र धोरण आणले. सिमेंट कारखान्यांना बारीक कोरडी राख हवीच होती. पण तळ्यातली राख उचलायला लागतात पोकलेन, टिपर, डिझेलचा पैसा आणि अडवणाऱ्याला बाजूला सारण्याची ताकद. फुकटच्या मालाला वाहतुकीने किंमत आली, आणि ती किंमत ज्याच्याकडे गाड्या होत्या त्याच्या खिशात गेली. ज्याच्या शिवारात राख पडत होती त्याच्या वाट्याला उघड्या हायवातून रस्त्यावर सांडलेली राख आली. कागदावर ‘राखेचा वापर’ वाढत गेला. तळ्याची राख रस्त्यावर आणि भट्टीवर पसरली, तरी ती वापरली गेली असेच धरले जाते.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. ते प्रकरण खंडणीचे आहे आणि ते न्यायालयापुढे आहे. पण त्यानंतर बीडच्या अर्थकारणाची जी झाडाझडती सुरू झाली तीत परळीच्या राखेची अवैध वाहतूक एकदम मुंबईच्या वाहिन्यांवर आली. कोणाच्या किती गाड्या, कोणाचा किती हप्ता, असे आरोप झडले. मला त्या दिवसांत एक गोष्ट सलत राहिली. पन्नासहून अधिक वर्षे ही राख लोकांच्या श्वासात होती तेव्हा ती राज्याची बातमी झाली नाही. पैसा म्हणून ती दिसली तेव्हा झाली. आणि त्या चर्चेतही भट्टीवरच्या बाईची किंवा वडगावच्या शेतकऱ्याची छाती कुणी तपासायला गेले नाही.

वेगळे घडू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डहाणूला १९९५ च्या सुमारास २५० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले. परळीच्या प्रत्येक नव्या संचाची क्षमता नेमकी तेवढीच आहे. डहाणूच्या चिकूबागांचे मालक आणि पर्यावरण कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये प्राधिकरण नेमले गेले आणि त्याच्या अध्यक्षपदी निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी आले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधक वायू धुऊन काढणारे यंत्र बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने वर्षानुवर्षे ताणले, प्राधिकरणाने सोडले नाही आणि २००७ मध्ये ते यंत्र बसले. देशात असे यंत्र असलेली केंद्रे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. डहाणूच्या वाट्याला कायद्याने घोषित केलेला संवेदनशील पट्टा होता, बागायतदारांचे बळ होते, मुंबईची जवळीक होती आणि एक न वाकणारा न्यायाधीश होता. परळीच्या माणसाला प्रदूषण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ या तिन्ही दारांसाठी संभाजीनगर गाठावे लागते. अंतर दोनशेहून अधिक किलोमीटर. रोजंदारी बुडवून तारखेला कोण जाणार?

नागपूरकडेही पाहा. १६ जुलै २०२२ रोजी कोराडीच्या केंद्राचे खसाळा येथील राखेचे तळे फुटले, राखेचा लोंढा शेतांतून नदीत गेला, कन्हानचे पाणी गढुळले आणि नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याला फटका बसला. शहराच्या नळापर्यंत राख पोहोचली तेव्हा यंत्रणा धावली. परळीची राख एका रात्रीत फुटून येत नाही. ती रोज थोडी थोडी येते, आणि अशा संथ आपत्तीला पंचनामा नसतो.

गरिबाच्या अंगणात राख टाकण्याची रीत फक्त आपली नाही. २२ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन केंद्राचे राखेचे तळे फुटले. रोन काउंटीतली ती राख उचलून मग कुठे नेली? आगगाडीने अलाबामातल्या पेरी काउंटीत, जिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीय आणि गरीब आहे. लाखो टन राख तिथल्या कचराभूमीत ओतली गेली. त्या देशाने कोळशाच्या राखेसाठी पहिला राष्ट्रीय नियम केला तो २०१४ च्या डिसेंबरात. अलाबामाच्या त्या गावकऱ्यांना परळीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही, पण दादाहरी वडगावच्या माणसाला त्यांची तक्रार समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांच्या धुरासाठी पहिल्यांदा कडक मर्यादा आल्या. गंधक वायूसाठी डहाणूसारखी यंत्रे बसवायला दोन वर्षे दिली होती. मुदत २०२२ पर्यंत वाढली, मग पुढे, मग आणखी पुढे. ११ जुलै २०२५ रोजी केंद्राने बहुसंख्य केंद्रांना या यंत्रातून मोकळे केले. कोणाला मोकळे केले, ती कसोटी वाचण्यासारखी आहे. दहा लाखांहून मोठ्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर यंत्र लावा. अतिप्रदूषित ठरलेल्या क्षेत्राच्या किंवा हवेचे निकष न पाळणाऱ्या शहराच्या दहा किलोमीटरच्या आत असाल तर तुमचा विचार वेगळा होईल. बाकीच्यांनी चिमणीच्या उंचीची अट पाळली की झाले. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मराठवाड्यातले संभाजीनगर आहे, जालना आहे, लातूर आहे. परळी नाही. राख ज्या गावात पडते ते गाव पुरेसे मोठे नाही म्हणून सूट, हे ऐकून संताप येतो. उंच चिमणी वायू नाहीसा करत नाही, तो लांबवर नेऊन सोडते.

उरते ती जुनी राख. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राख न वापरणाऱ्या केंद्रांना टनामागे हजार रुपये भरपाई लावली आणि तळ्यांत साठलेली पूर्वीची राख दहा वर्षांत वापरून संपवायला सांगितले. यात एक वाट मोकळी ठेवली आहे. तळे स्थिरावले असेल आणि त्यावर झाडे लावून झाली असतील तर ती राख काढायची गरज नाही. तळे स्थिरावले की नाही, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्रावर ठरते. ग्रामसभेचा ठराव त्यासाठी लागत नाही.